डोळेच दाखवणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. मुरबाड ते म्हसा या रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या एका जीपमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यापुढे, समोरच्या काचेच्या वरच्या कडेला मी चौदा वर्षे लटकत होतो. माझी लांबी वीतभर आणि रुंदी चार बोटे. एवढ्याशा काचेने आपली कहाणी सांगावी का आणि सांगितली तरी ती कोणी ऐकावी का, याची मला खात्री नाही. मला बोलायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माणसांबद्दल माझ्या मनात राग आहे. तो लपवून गोड गोड सांगणे मला जमणार नाही. आणि तरीही चौदा वर्षे मी माणसे बघण्यावाचून दुसरे काहीही केले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला अजून नीट कळलेले नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते कल्याणच्या एका दुकानातले पुठ्ठ्याचे खोके. त्यात मी पाठीला पाठ लावून माझ्यासारख्याच अकरा आरशांबरोबर पडून होतो. आरशासमोर कोणी नसेल आणि उजेडही नसेल, तर आरसा म्हणजे नुसती काच. मग एके दिवशी खोके उघडले आणि एक चेहरा माझ्यात पडला. रुंद कपाळ, जाड भुवया, कानाजवळ पिकलेले केस. तो कुंडलिक. त्याच्या जीपचा पहिला आरसा एका प्रवाशाच्या छत्रीचे टोक लागून फुटला होता. त्याने मला उजेडात धरले, शर्टाच्या बाहीने पुसले आणि दुकानदाराला म्हणाला, "हा चालंल."

मी चाललो.

आता जीपचे रीतिरिवाज सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी येते तेव्हा येते. बाकी वेळी माणसे जीपने जातात. नाक्यावर जीपगाड्यांची रांग असते आणि प्रत्येक गाडीला नंबर असतो. नंबर आला की गाडी पुढे घ्यायची, आणि भरल्याशिवाय सोडायची नाही. मधल्या बाकावर चौघे, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर आठ, पुढे ड्रायव्हरशेजारी तिघे. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. गाडी भरेपर्यंत भांडणे.

"सरक की जरा! सीट काय तुझ्या बापाची हाय?"

"तुझा पाय आधी काढ माझ्या पिशवीवरून. अंडी हायेत."

"अंडी घेऊन यायचंच कशाला जीपमधी?"

"मंग काय उडवत आणू?"

रोज हेच. माझ्यावर कोणाची नजर पडली तर ती केस नीट करण्यापुरती. माणसे आरशाकडे बघत नाहीत, आरशात स्वतःला बघतात. दातात अडकलेली बडीशेप काढून झाली की आम्ही संपलो. मला याचे वाईट वाटायचे. पुढे वाटेनासे झाले, कारण मला एक जोडीदार मिळाला होता. कुंडलिक मात्र माझ्यात स्वतःला कधीच बघत नसे. तो मागची माणसे बघत असे.

त्याची बायको लग्नानंतर तीन वर्षांत वारली होती. मूलबाळ नव्हते. रस्त्यालगतच्या एका गावात त्याचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्यात त्याच्याशी बोलणारे कोणी नव्हते. तसा तोही बोलण्यात कच्चाच. शब्द तोंडाशी आले की तो ते गिळून टाकायचा. पण गाडी सुरू झाली आणि गावाबाहेरचा वळणाचा रस्ता लागला, की त्याची नजर दर थोड्या वेळाने माझ्याकडे यायची आणि माझ्यातून मागे जायची.

आम्ही दोघांनी काय काय पाहिले! एक शेतकरी पंपाचा दुरुस्त केलेला भाग मांडीवर घेऊन बसला होता आणि खड्डा आला की त्यावर हात ठेवत होता, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. दोन जावा एकमेकींशी अबोला धरून चार महिने रोज शेजारीशेजारी बसल्या, आणि एकीला झोप लागली की दुसरी खांदा हलवत नसे. एक तरुण, अमित त्याचे नाव, सासुरवाडीला जाताना ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत होता, आणि चेहऱ्यावरून कळत होते की ऐनवेळी तो त्यातले काहीच बोलणार नाही. एका बाईने म्हशाच्या जत्रेतून घेतलेली नवी घोंगडी वाटभर नाकाशी धरली होती.

संध्याकाळी गाडी घरापुढे लावली की कुंडलिक मला पुसायचा आणि तेवढेच दोन शब्द बोलायचा. "त्या जावांचं मिटलं रे." किंवा, "अमितला पोर झालं वाटतं. पेढ्याचा बॉक्स होता." त्याने कोणालाही काही विचारलेले नसे. तो चेहऱ्यांवरून ओळखायचा, आणि ओळखले की त्याला वाटायचे, आपण त्यांच्यातलेच. मलाही तसेच वाटायचे. काचेला असे वाटावे का, कोण जाणे.

त्याच्या या बघण्याचा लोकांना उपयोगही होता. आमच्या रस्त्यावर सासरची मोठी माणसे गाडीत असली की सुना मोठ्याने "थांबवा" म्हणत नाहीत. आपला थांबा जवळ आला की त्या पदर सावरतात आणि मान जरा वर करतात. कुंडलिकला ते माझ्यात दिसायचे आणि गाडी बरोबर जागेवर थांबायची. सुरेखा नावाची एक सून तर म्हणायची, "कुंडलिकदादाच्या गाडीत तोंड उघडावं लागत नाय." रस्त्यालगतच्या आदिवासी वाडीवरची बुधी आजीही त्याचीच गाडी धरायची. ती रानातली बोरे गोळा करून विकायची. तिचा आवाज घशातच राहायचा, पुढच्यापर्यंत पोहोचायचाच नाही. ती फक्त हनुवटी उचलायची आणि जीप थांबायची. माझे कौतुक झाले ते एवढेच. पण मला ते पुरेसे होते.

आता वाईट भाग.

वर्षा नावाची एक मुलगी मुरबाडला कॉलेजात जायची. म्हशाची. येताना ती मधल्या बाकावर, बरोबर माझ्यासमोर बसायची. एका पावसाळ्यानंतर तिचा चेहरा उतरू लागला. वही उघडी असायची, पण पान उलटत नसे. कधी डोळे लाल असायचे. कुंडलिकला काळजी वाटली. त्याची नजर तिच्याकडे जास्त जाऊ लागली. एकदा, दोनदा, दर वळणावर. घरी मला पुसताना तो म्हणाला, "पोरीचं कायतरी बिनसलंय. नापास झाली काय?"

विचारले मात्र नाही. कसे विचारणार? शब्द गिळायची सवय.

मित्रांनो, इथे मला माझा दोष सांगितला पाहिजे. त्या वेळी तो माझ्या लक्षात आला नव्हता. मी चार बोटे रुंद. कुंडलिकला माझ्यात मागची सगळी माणसे दिसायची. पण मागच्या माणसांना माझ्यात कुंडलिक किती दिसायचा? फक्त डोळे. जाड भुवया आणि त्याखालचे दोन डोळे. त्याचे ओठ, काळजीने खाली आलेली गालाची कड, यातले काहीही माझ्यात मावत नव्हते. त्या मुलीने मान वर केली की तिला चेहऱ्यावाचून नुसते डोळे दिसायचे, आणि ते तिच्याकडे रोखलेले असायचे. तुम्हाला काय वाटले असते?

तिने घरी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर तिचा भाऊ नितीन आला. तो कल्याणला नोकरीला. त्या दिवशी त्याने कामावर दांडी मारली होती. बरोबर चार मित्र. कुंडलिक गाडीतच होता. नितीनने दार उघडले आणि त्याची कॉलर धरली.

"काय रे म्हाताऱ्या, आरशात काय बघतोस? टाइमपास चाललाय काय?"

कुंडलिकचे ओठ हलले. आवाज नाही.

"बोल ना! रोज माझ्या बहिणीकडं काय बघतोस?"

"मी... मी माणसं बघतो," कुंडलिक म्हणाला.

आजूबाजूचे जीपवाले हसले. त्या हसण्यानेच सगळे बिघडले. नितीनचा हात सुटला. एकदा, मग परत. कोणीतरी म्हणाले, "बायको नाय ना घरात, मंग असंच होतं." हे म्हणणारा रोज कुंडलिकच्या तंबाखूतली चिमूट घेणारा माणूस होता. मी पाहिले. मी सगळे पाहिले आणि लटकत राहिलो.

नाक्यावरच्या जीपवाल्यांचा म्होरक्या देवजी. सगळ्यांचे नंबर तोच लावायचा. त्याने दोघांना बाजूला केले आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "कुंडलिक, आरसा छताकडं फिरव. परत खाली दिसला तर तुझा नंबर गेला. मंग बस घरी."

"गाडी मागं घ्यायला..." कुंडलिक म्हणाला.

"बाहेरचे दोन आरसे हायेत ना? ते बघ."

नंबर गेला तर गाडी गेली. गाडी गेली तर दिवसभराची माणसे गेली, आणि मग उरत होत्या त्या दोन खोल्या. कुंडलिकने हात वर करून मला फिरवले. त्या क्षणापासून मला फक्त छताचे फाटलेले रेक्झिन दिसू लागले. त्यातून पिवळा फोम डोकावत होता. तीन महिने मी तो फोम पाहिला.

दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. आणि जे ऐकू येत होते ते पूर्वीपेक्षा वाईट होते. सुनांचे थांबे चुकू लागले. सुरेखा एकदा तर थेट पुढच्या गावात उतरली. सासऱ्यांसमोर तिला ओरडावे लागले होते, आणि सासरे वाटभर तिला बोलत होते.

"बहिरा झालास काय, कुंडलिकदादा?" दुसऱ्या दिवशी ती एकटी होती तेव्हा चिडून म्हणाली. "का मुद्दाम करतोस?"

कुंडलिकने गाडी पुढे काढली. आधी त्याच्या बघण्यावर राग, आता न बघण्यावर. माझ्या मनातला राग तेव्हाचा आहे.

जानेवारीत म्हशाची जत्रा भरली. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे, आणि सगळीकडे भोंगे. दर फेरीला जीप ओसंडत होती. एका दुपारी बुधी आजी मागच्या बाकावर बोरांची रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. वाडी आली. तिने हनुवटी उचलली असेल. नक्कीच उचलली असेल. मी छत बघत होतो. कुंडलिक रस्ता बघत होता. गाडी पुढे गेली. भोंग्यांच्या आवाजात तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू आला नाही. ती म्हशाला उतरली, बैलबाजाराच्या गर्दीतून परत रस्त्याकडे चालू लागली, आणि एक बुजलेला बैल तिच्या पायावरून गेला.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा गणू वाडीसमोर रस्त्याच्या मधोमध उभा होता. कुंडलिकला गाडी थांबवावीच लागली.

"वाडीवरची म्हणून थांबवली नाय ना?" गणू म्हणाला. "दुसऱ्या कोणाची आई असती तर थांबवली असती."

"नाय रे गणू... मला दिसली नाय."

"दिसली नाय? रोज दिसायची. कालच नाय दिसली?"

"पाय... कसा हाय?"

"दोन बोटं मोडली. तुला काय करायचंय?"

गणूने बोनेटवर हात आपटला आणि बाजूला झाला. कुंडलिकने गाडी सुरू केली, दहा-बारा हात पुढे नेली आणि परत थांबवली. मग त्याने हात वर केला. त्याने मला खाली फिरवले.

तीन महिन्यांनी मला माणसे दिसली. आणि मधल्या बाकावर, बरोबर समोर, वर्षा होती. भावाने तिला कुंडलिकच्या गाडीत बसू नकोस असे बजावले होते, पण जत्रेच्या दिवसांत दुसरी गाडी मिळत नव्हती.

कुंडलिक आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सीटवर पूर्ण मागे वळला. "आरसा खाली करतोय," तो म्हणाला. "नायतर कोणाचा ना कोणाचा पाय मोडंल. कोणाला नको असंल तर... सांगा."

"कर, कर," सुरेखा म्हणाली. "कवापासनं सांगतेय मी."

वर्षाचा आवाज बारीक होता, पण तो पुढेपर्यंत आला. "मला नको."

मग गाडीतले सगळे तिच्यावर उलटले.

"तुला नको तर तू उतर!"

"हिच्यामुळंच त्या म्हातारीचा पाय गेला."

"एवढी कोण लागून गेली गो तू, तुला बघायला?"

"कॉलेजात जाते ना. डोक्यात हवा गेलीय."

चौदा माणसे तिच्याकडे बघत होती. पुढच्या बाकावरचे तिघेही वळून बघत होते. मित्रांनो, मी चौदा वर्षांत इतके बघणे एका माणसावर कधी पाहिले नव्हते. तिने वही छातीशी धरली होती. तिचे डोळे एकेका चेहऱ्यावर जात होते आणि कुठेच थांबायला जागा नव्हती. आणि मी? मीही तिच्याकडेच बघत होतो. मला दुसरीकडे वळता येत नव्हते.

कुंडलिक पुढे वळला होता. त्याने माझ्यात तिचा चेहरा पाहिला. किती वेळ, ते सांगता येत नाही. एखाद्या वळणाएवढा. मग त्याने परत हात वर केला आणि मला छताकडे ढकलले. या वेळी त्याला कोणी सांगितले नव्हते.

"तिला कोणी काय बोलायचं नाय," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "ती खरं बोलली. मी बघत होतो."

"अरे पण आमचं काय?" सुरेखा ओरडली. "आमचे थांबे?"

"दुसऱ्याच्या गाडीत बसा. मी धंदा सोडतोय."

ती फेरी त्याने पूर्ण केली. वाटेत प्रत्येक थांब्यावर, कोणी असो वा नसो, गाडी थांबवली. माणसे शिव्या देत होती. म्हशाला गाडी रिकामी झाल्यावर तो मुरबाडला परत आला आणि देवजीला म्हणाला, "माझा नंबर काढ."

देवजीला वाटले, याने आरसा खाली केला असणार आणि ती बातमी आपल्याला लागायच्या आतच हा कबुली देतोय. "ठीक हाय," तो म्हणाला आणि वहीतले नाव खोडले. एवढेच. अडवले कोणी नाही. तंबाखूची चिमूट घेणारा माणूस पुढच्या गाडीला रांगेत आणण्यात गुंतला होता.

जीप किन्हवलीच्या एका माणसाने घेतली. गवताचे भारे वाहायला. कुंडलिकने स्क्रू काढून मला वेगळे केले. घेणाऱ्यानेही हरकत घेतली नाही. गवताला आरसा कशाला लागतो?

त्या दिवशी किन्हवलीहून मुरबाडला आणि मुरबाडहून गावाकडे कुंडलिक दुसऱ्यांच्या जीपमधून आला. मी त्याच्या हातात, मांडीवर, छताकडे तोंड करून. म्हशाच्या जीपमध्ये त्याला मागच्या बाकावर जागा मिळाली. तिथे माणसे समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघा लागतो. समोर वर्षा होती.

गाडीतल्या बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि तोंडे फिरवली. एकाने मुद्दाम शेजारच्याला विचारले, "आज ड्रायव्हर पॅसेंजर झाला काय?" दोघे हसले. कुंडलिकने मान खाली घातली.

वर्षा मात्र बघत होती. पहिल्यांदाच तिला तो पूर्ण दिसत होता. पिकलेली दाढी, बारीक जिवणी, बोलायच्या आधी हलणारे आणि न बोलताच मिटणारे ओठ. मी खालून पाहत होतो. तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

"मी खोटं नाय सांगितलं," ती म्हणाली. "मला भीती वाटायची."

"हो," कुंडलिक म्हणाला.

"कशाला बघायचात?"

त्याने शब्द गिळला. मग परत वर आणला. "तू रडायचीस. वाटलं, नापास झालीस."

"दोन विषय राहिले होते." ती थांबली. "मंग इचारायचं ना. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

कुंडलिकने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. गाडी वळणे घेत होती. ती खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटले, झाले, संपले.

मग तिने परत त्याच्याकडे वळून विचारले, "तुमी कुठं उतरणार?"

चौदा वर्षे कुंडलिकने हजारो माणसांना त्यांच्या थांब्यावर उतरवले. ड्रायव्हरला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले. इतक्या मोठ्याने, की पुढच्या ड्रायव्हरनेही मान वळवली.

ती हसली नाही. तिने फक्त मान डोलावली.

आता मी त्याच्या पडवीच्या खांबावर, खिळ्याला टांगलेला आहे. समोरून रस्ता जातो. कुंडलिक सकाळी पायरीवर बसतो आणि जाणाऱ्याला हाक मारतो, "कुठं निघालास रे?" बरेच जण उत्तर देत नाहीत. काही जण तुसडेपणाने देतात. गणू वाटेवरून जाताना पुढे बघत जातो. कुंडलिकने बुधी आजीच्या पायाची चौकशी केली तेव्हा त्याने दोन शब्दांत सांगितले, "चालते आता." तो थांबला नाही, पण त्याने सांगितले.

मित्रांनो, माणसे बघणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मी म्हटले तर कोण विश्वास ठेवेल? एकट्या माणसाला त्याने धीर येतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण बघणारा लपून राहतो आणि ज्याला बघितले जाते त्याला लपता येत नाही. म्हणून एवढेच मागतो. तुम्ही कोणाकडे बघाल तेव्हा तुमचा सगळा चेहरा त्याला दिसू द्या. आणि त्याच्याबद्दल मनात काही आले, तर ते गिळू नका, त्यालाच विचारा. तो रागावेल, कदाचित उत्तर देणार नाही. तरी विचारा.

मला हे सांगायला फार उशीर झाला. पण मी तर नुसती काच. तुम्हाला तोंड आहे.